आठ मिनिटांचा हिशेब

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या चार मुलींपैकी एक रात्री साडेनऊला हातात पाकीट घेऊन खाली आली. "काकू, पाणी किती घालायचं ते इथे पुसलं गेलंय. वाचता येतंय का बघा ना." पाकीट तयार पिठल्याचं होतं. चष्मा लावून मी मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. बेसन, पाम तेल, मीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, कांद्याची पूड, आम्लता राखणारा घटक ३३०, चव वाढवणारे ६२७ आणि ६३१, गुठळ्या होऊ न देणारा ५५१. मी म्हटलं, "बेसन, मीठ, कांदा तर घरात आहेच. बाकीचं कशाला लागतं गं?" तिला सांगता आलं नाही, आणि तेव्हा ते मलाही ठाऊक नव्हतं. पाकीट बाजूला ठेवून आम्ही दोघींनी पिठलं टाकलं. घड्याळ लावून पाहिलं. कांदा चिरायला घेतल्यापासून ताटात वाढेपर्यंत अठरा मिनिटं लागली. पाकिटावर दहा लिहिली होती.

म्हणजे फरक आठ मिनिटांचा. त्या आठ मिनिटांत स्वयंपाकघरात नेमकं काय घडतं आणि ती वाचवली की आपण काय गमावतो, हे शोधता शोधता हे पुस्तक झालं. त्या मुली शिकत गेल्या, पुढे त्यांच्या मैत्रिणी आल्या, एकीचा भाऊ आला. एक शेगडी, एक कढई, एक तवा आणि एक लहान कुकर एवढ्यावर जे जे जमलं ते मी वहीत उतरवत गेले. ती वही आता तुमच्या हातात आहे.

या पुस्तकातले सगळे पदार्थ फक्त वनस्पतींपासून केलेले आहेत. मांस, मासे, अंडी तर नाहीतच; दूध, दही, ताक, तूप आणि मधही नाही. त्याची सुरुवात एका अडचणीतून झाली, कारण त्या चौघींपैकी एकीला दूध पचत नसे. पण तिच्यासाठी म्हणून पदार्थ आठवायला बसले तेव्हा लक्षात आलं, की फारसं काही वगळावं लागतच नाही. आपल्या कोरडवाहू भागातलं रोजचं जेवण म्हणजे भाकरी, कोरड्यास, चटणी आणि फोडलेला कांदा. तूप सणाला दिसायचं. पिठलं, झुणका, शेंगोळ्या, मटकीची उसळ, डाळवांगं, कुळथाची पिठी, वालाचं बिरडं, भरली वांगी, अळूचं फदफदं, मिरचीचा ठेचा, जवसाची नि कारळाची चटणी. यातल्या एकाही पदार्थातून काही काढलेलं नाही. ते मुळातच पूर्ण आहेत. म्हणून 'अमक्याऐवजी तमकं' अशा नकला या पुस्तकात सापडणार नाहीत. पनीरसारखं दिसणारं काही केलेलं नाही, कारण भरल्या वांग्याला पनीर होण्याची गरज नाही.

'प्रक्रिया' हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. दळणं, भाजणं, वाळवणं, आंबवणं, तेल काढणं याही प्रक्रियाच आहेत. पोहे, गूळ, घाण्याचं तेल, सांडगे, लोणचं हे सगळं प्रक्रियेतूनच येतं. मग सीमा कुठे आखायची? ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातले संशोधक कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ साली यासाठी एक वर्गवारी मांडली, ती 'नोव्हा' नावाने ओळखली जाते. पहिल्या गटात धान्य, कडधान्य, भाज्या, फळं. दुसऱ्यात तेल, मीठ, साखर असे स्वयंपाकाला लागणारे जिन्नस. तिसऱ्यात या दोन्हींतून साधेपणाने केलेले टिकाऊ पदार्थ. चौथ्या गटात कारखान्यात अन्नाचे घटक वेगळे काढून, त्यांत रंग, वास, चव आणि टिकाऊपणा बाहेरून घालून जुळवलेले पदार्थ येतात. हे पुस्तक पहिल्या तीन गटांत राहतं. आमची घरगुती कसोटी याहून सोपी आहे. जो जिन्नस वाण्याकडे सुटा मागता येत नाही, तो या पुस्तकात नाही.

पाकिटावरच्या त्या आकड्यांना मी विष म्हणणार नाही. ते सरकारमान्य घटक आहेत, ठरवून दिलेल्या मर्यादेत वापरले जातात, आणि खोटी भीती घालून कोणालाही स्वयंपाकाची गोडी लागत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या प्रत्येक आकड्याच्या जागी पूर्वी कोणाच्या तरी हाताचं एक काम होतं. काम काढून टाकलं, म्हणून आकडा घालावा लागला. या पुस्तकाचा सगळा विचार एवढाच आहे.

चव वाढवणाऱ्या घटकांपासून सुरुवात करू. १९०८ साली टोकियोमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं. त्याच्या क्षाराला आज ६२१ हा क्रमांक आहे आणि ६२७, ६३१ ही त्याची साथ करणारी भावंडं. तोंडाला पाणी सुटावं अशी जी एक भरीव चव असते, ती या घटकांची. पण पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट असतंच. शिवाय भाजण्याची करामत आहे. शेंगदाणे, सुकं खोबरं, तीळ, कांदा मंद आचेवर भाजले की त्यांतली साखर आणि प्रथिनं एकत्र येऊन शेकडो नवे वास जन्माला येतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं. आपल्याकडे त्याला 'खमंग भाजणं' म्हणतात. कांदा-खोबऱ्याचं वाटण करायला सात-आठ मिनिटं लागतात ती याचीच. ती घाईने उरकली तर आमटी पाणचट लागते, मग माणूस पाकिटाकडे वळतो.

दाटपणासाठी कारखान्यात माल्टोडेक्स्ट्रिन आणि निरनिराळे डिंक वापरतात. आपल्याकडे त्यासाठी शेंगदाण्याचं कूट आहे, पीठ पेरणं आहे, घोटणं आहे. अळूची पातळ भाजी पाहा. पानं शिजवून घोटतात, थोडं बेसन लावतात, भिजवलेली डाळ नि शेंगदाणे घालतात. रस आपोआप मिळून येतो. तेल आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून पाकिटात लेसिथिन, म्हणजे ३२२, घालतात. कुटातल्या किंवा नारळाच्या दुधातल्या प्रथिनांमुळे तेच काम भाजीत होतं.

आंबटपणाचं तर आपल्याकडे दालनच आहे. पाकिटात सायट्रिक ॲसिड, म्हणजे ३३०. ते सगळीकडे सारखंच आंबट. आपल्याकडे चिंच, आमसूल, कैरी, लिंबू, अंबाडी, आंबट चुका, टोमॅटो, बिंबलं असे कितीतरी आंबटपणे आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. अळूत चिंच किंवा चुका का, तर अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो आणि आंबटाने ती खाज मोडते. पावसाच्या तोंडावर येणाऱ्या शेवळांच्या भाजीत काकडं नावाची आंबट-तुरट फळं घालतात, तीही याच कारणासाठी. हे ज्ञान कोणा एकाचं नाही. कित्येक पिढ्यांनी खाज सोसून ते मिळवलं आहे.

टिकवण्यासाठी सोडियम बेंझोएट, म्हणजे २११, घालतात. आपल्याकडे मीठ, तेल, मोहरी आणि ऊन. हरभऱ्याच्या किंवा मटकीच्या डाळीचे सांडगे चैत्राच्या उन्हात खडखडीत वाळले की वर्षभर टिकतात. पावसाळ्यात भाजी नसेल त्या दिवशी ते तेलावर परतून रस्सा करायचा. हलकेपणासाठी सोडा घालतात. आंबोळीचं तांदूळ-उडदाचं पीठ रात्रभर आंबलं की त्यातले जंतू तेच काम फुकटात करतात, वर चवही देतात.

भिजवणं आणि मोड आणणं ही तर सर्वांत स्वस्त किमया. मटकी आठ तास भिजवायची, फडक्यात बांधून रात्रभर ठेवायची. दाण्यातलं फायटिक आम्ल कमी होतं, लोह शरीराला जास्त मिळतं, आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. यात माणसाचे श्रम दोन मिनिटांचे. बाकीचं काम दाणा स्वतः करतो, आपण झोपलेले असताना.

भाकरीबद्दल थोडं अधिक, कारण नव्याने शिकणारे सगळे तिथेच अडतात. ज्वारी-बाजरीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ चिकट होत नाही. कडकडीत पाण्यात भिजवलं की पिठातला स्टार्च फुगतो आणि पीठ एकजीव होतं. मग ते तळहाताने चांगलं मळायचं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी चिरते, आणि दोष हाताला दिला जातो. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे ते लवकर कडू होतं. आठवड्यापुरतंच दळून आणा. पहिल्या दहा भाकऱ्या वेड्यावाकड्या होतील, अकरावी फुगेल.

आता पोषणाचा प्रश्न. भाकरी आणि उसळ, भात आणि वरण, बाजरी आणि वाल या जोड्या सवयीने पडलेल्या नाहीत. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळींत भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात, म्हणजे ही जोडी जात्यातच जुळवलेली. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं आणि तिळात त्याहूनही कितीतरी जास्त. पानाच्या डाव्या बाजूची लिंबाची फोड पालेभाजीतलं लोह शोषायला मदत करते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य आणि २५० ग्रॅम धान्य असा नमुना दिला आहे. आपण बहुतेक जण नेमके उलटे जेवतो, भात-पोळी डोंगरभर आणि भाजी चमचाभर. या पुस्तकात भाजीचं प्रमाण जास्त दिसेल, ते म्हणून.

एक गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. जे दूधही पूर्ण सोडतात त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी घ्यावी. यात कमीपणा नाही आणि याला पर्याय शोधत बसण्यात शहाणपण नाही.

तयार अन्नाने शरीरावर काय होतं, याचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. ताटात वाढलेले उष्मांक, साखर, मेद, तंतू आणि मीठ दोन्हीकडे जुळवलेलं होतं; खायचं किती, ते ज्याचं त्याने ठरवायचं. तयार अन्नावर असताना लोक दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होते आणि वजन वाढत होतं. हा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. मऊ, पटकन गिळता येणारं अन्न पोट भरल्याची खूण पटायच्या आत पोटात जातं, हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं. भाकरी चावावी लागते. चावण्याची ती मिनिटंही हिशेबात धरा.

या पुस्तकातले पदार्थ ऋतूप्रमाणे लावले आहेत, प्रांताप्रमाणे नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. हिवाळ्यात चाकवत, हरभऱ्याचा पाला, ओले वाटाणे, पावटा. उन्हाळ्यात कैरी, फणस, सांडगे. आपले सण हेच सांगत आले आहेत. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी म्हणजे त्या आठवड्यात शेतात जे जे आहे त्या सगळ्याची एकत्र भाजी आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ऋषिपंचमीला तर बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा दंडक आहे. परसात, कुंपणावर आपसूक उगवलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी करतात. गोव्याच्या खतखत्यातही अशाच हंगामी भाज्या, ओलं खोबरं आणि तिरफळं एकत्र येतात, आणि चणाडाळ, गूळ, नारळाचं दूध घालून केलेलं मणगणं गोडाची हौस दुधाशिवाय पुरवतं.

हे वैविध्य बियाण्यात टिकलं तरच ताटात टिकेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाची, घेवड्याची, भाज्यांची देशी बियाणी जपली, वाटली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आज भौगोलिक मानांकन आहे. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं. पण मानांकनाने शेतकरी ज्वारी पेरत नाही, आपण भाकरी खाल्ली तर पेरतो.

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने नेमक्या प्रमाणांच्या जोरावर घर सोडून गेलेल्या किती मुलामुलींना जेवायला घातलं असेल याची गणती नाही. त्या सगळ्यांचं ऋण मनात ठेवून मी एक गोष्ट वेगळी केली आहे. प्रत्येक पदार्थाखाली 'का' लिहिलं आहे. हिंग आधी का, मीठ नंतर का, कूट शेवटी का. कारण कळलं की पुस्तक मिटून ठेवता येतं.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. ती आठ मिनिटं कोणाची? आजवर ती बाईची होती. जात्यावरच्या ओव्या आपल्याला गोड वाटतात, पण पहाटेच्या अंधारात उठून दळणाऱ्या बाईचे खांदे भरून यायचे. पिठाची गिरणी आली तेव्हा तिची एक शिक्षा कमी झाली. म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. या पुस्तकात मिक्सर आहे, कुकर आहे, फ्रीजमध्ये चार दिवस टिकणारं वाटण आहे. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईने पाकीट फोडलं तर तिला दोष देण्याचा हक्क ताटावर बसून वाट पाहणाऱ्या कोणालाही नाही. घरात चार माणसं असतील तर आठ मिनिटांची प्रत्येकी दोनच मिनिटं होतात. एकाने कांदा चिरावा, एकाने लसूण सोलावा, एकाने पीठ कालवावं, एकाने फोडणी सांभाळावी. साधं जेवण घरात टिकायचं असेल तर याच वाटणीने टिकेल, दुसऱ्या कशाने नाही. म्हणून या पुस्तकात कुठेही 'गृहिणींसाठी' असं लिहिलेलं नाही.

पुस्तक कसं वापरावं? आधी पहिला विभाग करा: चटण्या, कूट आणि वाटणं. रविवारी तासभर देऊन शेंगदाण्याचं कूट, लसूण-खोबऱ्याची चटणी आणि भाजलेलं वाटण तयार ठेवलं, दोन कडधान्यं भिजत घातली, की आठवड्याच्या रात्री वीस मिनिटांत जेवण होतं. हिंग घेताना खडा हिंग मिळाला तर घ्या. बांधणीच्या हिंगात मैदा किंवा डिंक असतो. कुठलंही पाकीट घेताना मागची यादी वाचा. जो जिन्नस वजनाने सर्वांत जास्त तो पहिला लिहायचा, असा नियम आहे. पहिल्या तिनांत तेल नि साखर दिसली तर तुम्ही काय विकत घेताय ते तुम्हाला कळलं.

आणि हे सगळं वाचून झाल्यावर आज रात्रीच एक करा. अर्धी वाटी बेसन दोन वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. कढईत तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची घाला. कांदा लालसर होईपर्यंत परता, घाई करू नका. मग कालवलेलं पीठ ओता, मीठ घाला, ढवळत राहा, दाट झालं की झाकण ठेवून वाफ आणा. वरून कोथिंबीर. भाकरी येत नसेल तर भाताबरोबर खा. पण घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी कांदा चिरायला बोलवा.